सिंधुतीरीचे स्नान आणि शौचधर्म

प्रातःस्नानाचा पहिला तांब्या अंगावर घेताना सात नद्यांचे स्मरण करण्याची रीत महाराष्ट्रातील घराघरांत पूर्वापार चालत आलेली आहे. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी या सप्तसरितांनी त्या तांब्याभर पाण्यात येऊन राहावे, अशी ती प्रार्थना. यांपैकी गोदावरीचे दर्शन बहुतेक भाविकांना घडलेले असते. काशी-प्रयागाच्या यात्रेत गंगा-यमुना भेटतात, परिक्रमावासीयांना नर्मदा भेटते आणि दक्षिणेच्या यात्रेत कावेरीही भेटते. सिंधूचे दर्शन मात्र दुर्लभ. तिबेटात उगम पावून ती लडाखमधून वाहते आणि पुढील बहुतेक सारा प्रवास पाकिस्तानात करून सागरास मिळते. ज्या नदीचे नाव रोज मुखी येते, जिच्या नावावरून ‘हिंदू’ हा शब्द रूढ झाला, ती नदी तिचे नाव घेणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेलीही नाही. तिच्या काठी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी जी नगरे नांदत होती त्यांनी स्नानाचा आणि शौचाचा केवढा विचार केला होता, हे तीर्थयात्रेस निघालेल्या प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे.

सिंध प्रांतातील लारकाना जिल्ह्यात मोहेंजोदडो नावाचे मोठे पांढर आहे. ‘मृतांची टेकडी’ असा त्या नावाचा अर्थ सांगितला जातो. टेकडीच्या माथ्यावर एक बौद्ध स्तूप होता आणि त्याच्यासाठीच अभ्यासक तेथे जात. इ. स. १९११-१२ मध्ये पुरातत्त्व खात्याचे अधिकारी देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी हे स्थळ पाहिले. तेथील विटा इतक्या एकसारख्या आणि पक्क्या भाजलेल्या होत्या, की हे अवशेष फार तर दोनशे वर्षांपूर्वीचे असावेत असे त्या थोर विद्वानास वाटले. पुढे १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जी यांनी उत्खनन केले, तेव्हा स्तूपाच्या खाली फार प्राचीन काळ दडलेला आहे हे ध्यानी आले. सप्टेंबर १९२४ मध्ये पुरातत्त्व खात्याचे महासंचालक सर जॉन मार्शल यांनी हा शोध जगापुढे मांडला. त्यानंतर लगेचच्या हंगामात तेथे खोदकाम करणारे काशिनाथ नारायण दीक्षित हे मूळचे पंढरपूरचे. मोहेंजोदडोच्या एका मोठ्या विभागास अभ्यासक आजही त्यांच्या आद्याक्षरांनीच ओळखतात. चंद्रभागेच्या वाळवंटी ज्याचे बालपण गेले, त्याने सिंधुकाठचे नगर उजेडात आणण्यास हातभार लावावा, हा योग वारकऱ्यांना निश्चितच सुखावणारा आहे.

१९२५-२६ च्या हंगामात त्या स्तूपाच्या शेजारीच एक हौद सापडला. मराठी पाठ्यपुस्तकांतून ‘महास्नानगृह’ या नावाने तो सर्वांस परिचित आहे. त्याची लांबी सुमारे १२ मीटर, रुंदी ७ मीटर आणि खोली जवळजवळ अडीच मीटर. उत्तर व दक्षिण अशा दोन्ही बाजूंनी आत उतरण्यास पायऱ्या आहेत. काठोकाठ भरला तर त्यात सुमारे दोन लाख लिटर पाणी मावेल. हौदाच्या विटा घासून, एकमेकींना चिकटवून, जिप्समच्या गिलाव्यात अशा बसविल्या आहेत की सांध्यांत फट राहू नये. त्या भिंतीच्या मागे नैसर्गिक डांबराचा जाड थर दिलेला आहे, म्हणजे पाणी झिरपून पाया खचण्याची भीती नाही. सभोवार ओवऱ्या आहेत, आणि पूर्वेकडील एका खोलीत विहीर आहे. जुन्या देवळांपुढील पुष्करिणी किंवा गावोगावच्या बारवा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल.

ही ओळख पाहून काही उत्साही मंडळी हे देवाचे तीर्थच होते असे ठासून सांगतात. येथे थोडा संयम बाळगणे इष्ट. सिंधू संस्कृतीची लिपी अद्याप वाचता आलेली नाही. तेथे कोणत्या देवतेची उपासना होत असे, कोणता मंत्र म्हटला जात असे, हे सांगणारा एकही शब्द हाती नाही. देऊळ म्हणून निर्विवाद ओळखता येईल अशी वास्तूही तेथे मिळालेली नाही. तो हौद सामूहिक धर्मस्नानासाठी असावा, हे बहुतेक विद्वानांचे मत त्याच्या रचनेवरून केलेले अनुमान आहे. अनुमान सुंदर आहे आणि खरेही असेल, पण श्रद्धेने अनुमानावर सिद्धांताची मोहोर उठवू नये. विटा जे सांगतात तेवढे ऐकले तरी पुष्कळ आहे.

त्या विटा काय सांगतात? हौदाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, तळाशी, पाणी सोडून देण्याची वाट आहे. ही वाट म्हणजे एखादे भोक नव्हे. विटा दोन्ही बाजूंनी पुढे पुढे सरकवीत वर कमान साधलेली आणि माणूस आत ताठ उभा राहू शकेल एवढ्या उंचीची ती मोठी नाली आहे. वापरलेले पाणी हौदात साचून कुजू नये, ते पूर्ण निघून जावे आणि तळ धुता यावा, याची तरतूद हौद बांधतानाच झालेली आहे. आज पर्यटक हौदाच्या पायऱ्यांची छायाचित्रे घेतात, त्या नालीकडे सहसा कोणी वळत नाही. वस्तुतः त्या कारागिरांची बुद्धी पाहायची असेल तर ती तेथेच पाहावी.

हौदाच्या उत्तरेस आणखी एक लहान इमारत आहे. तीत मध्ये एक बोळ आणि दोहो बाजूंस चार-चार अशा आठ न्हाणीघरांची रचना आहे. प्रत्येक न्हाणीघर सुमारे साडेनऊ फूट लांब व सहा फूट रुंद. बोळातून सांडपाण्याची नाली जाते. दारे अशी ठेवली आहेत की एकासमोर दुसरे येत नाही, त्यामुळे स्नान करणाऱ्याची मर्यादा राखली जाते. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने एवढा विचार केला, आणि आजच्या कित्येक यात्रास्थळी स्नान करून ओल्या वस्त्रांनिशी आडोसा शोधत फिरणाऱ्या स्त्रियांचे हाल सर्वांच्या डोळ्यांसमोर घडतात. या दोहोंतील अंतर लाज वाटावी इतके आहे.

नगरातील घरांकडे वळल्यास आश्चर्य वाढतच जाते. मोहेंजोदडोत सुमारे ७०० विहिरी असाव्यात, असा संशोधकांचा अंदाज आहे. पाचरीच्या आकाराच्या विटा गोलाकार रचून त्या बांधलेल्या असत, त्यामुळे सभोवारच्या मातीचा दाब वाढेल तसतशा विटा अधिकच घट्ट बसत. पिढ्यान् पिढ्या वस्तीची जमीन वर चढत गेली, तशी विहिरींची बांधणीही वर चढविली गेली. उत्खननात भोवतीची माती निघून गेल्यावर त्या विहिरी आता मनोऱ्यांसारख्या उंच उभ्या दिसतात. त्यांच्या कठड्यांवर दोरांनी पडलेले घळ अजून बोटाला लागतात. ते कोणा राजाने पाडलेले नाहीत. रोज पहाटे पाणी शेंदणाऱ्या बायाबापड्यांच्या हातांची ती खूण आहे. काही विहिरींजवळ मातीच्या लहान पेल्यांचे असंख्य तुकडे मिळाले. एकदा पाणी पिऊन झाले की पेला फेकून देण्याची चाल असावी, असा तर्क त्यावरून केला गेला.

घरातील न्हाणी ही बहुधा रस्त्याकडील भिंतीला लागून असे. साधारण चौरस, काठाला विटांची किनार असलेली आणि एका कोपऱ्याकडे उतरती अशी ती जागा. तेथे उभे राहून किंवा बसून भांड्याने अंगावर पाणी घेतले जाई. मराठी घरांतील मोरीचे वर्णन यापेक्षा निराळे काय करणार? फरशीच्या विटा घासून इतक्या नेटक्या बसविलेल्या आहेत की पाण्याचा थेंब अडू नये. माडीवरून सांडपाणी खाली आणण्यासाठी भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवून भिंतीतून सोडलेले असत, म्हणजे वरचे पाणी खालून जाणाऱ्याच्या अंगावर पडू नये.

शौचकूपही होते. हडप्पा येथे १९८६ पासून झालेल्या उत्खननात अनेक घरांत जमिनीत पुरलेले मोठे रांजण मिळाले. त्यांचा उपयोग शौचकूप म्हणून होत असे आणि काहींच्या जवळ धुण्यासाठी पाण्याचे लहान भांडेही सापडले. शौचास जाताना तांब्या सोबत नेण्याची ही रीत किती जुनी आहे, हे त्यावरून कळावे. (याच हडप्पाच्या विटा एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या भरावासाठी गाडे भरभरून नेण्यात आल्या. आणखी किती गोष्टी त्या भरावाखाली गेल्या, कोण जाणे!)

खरा विस्मय मात्र घराबाहेर आहे. घरातले सांडपाणी थेट रस्त्यात सोडले जात नसे. ते आधी एका लहान कुंडीत किंवा रांजणात पडे. तेथे गाळ तळाशी बसे आणि वरचे पाणी रस्त्याकडेच्या नालीत जाई. नाल्या विटांनी बांधलेल्या आणि विटांनी किंवा चुनखडीच्या फरश्यांनी झाकलेल्या असत. दर मीटरला सुमारे दोन सेंटीमीटर इतका मोजका उतार त्यांना दिलेला होता. उतार फार कमी असता तर पाणी तुंबले असते, फार जास्त असता तर नुसते पाणी पळून गाळ मागे राहिला असता. वळणावर नाली काटकोनात न वळविता गोलाई देऊन वळविली आहे. ठिकठिकाणी गाळ बसण्यासाठी खोल कुंड्या आहेत आणि वरची झाकणे उचलता येतील अशी आहेत. सगळीकडे अशी सोय होती असेही नाही. काही गल्ल्यांत नाली पोहोचलेली नव्हती, तेथे घराच्या भिंतीबाहेर सच्छिद्र रांजण पुरून पाणी जमिनीत जिरविले जाई, म्हणजेच आजच्या भाषेत शोषखड्डा. परंतु ‘माझे पाणी माझ्या दाराबाहेर गेले, आता माझा संबंध संपला’ असे त्या नगरातील गृहस्थास म्हणता येत नसे, एवढे निश्चित.

कच्छच्या रणात, खडीर बेटावर असलेल्या धोलावीरा येथे पाण्याचे दुर्भिक्ष होते. तेथील लोकांनी मानसर व मनहर या दोन पावसाळी ओढ्यांवर बांध घातले, खडकात व दगडी बांधकामात प्रचंड तलाव केले, आणि किल्ल्यावर पडणारे पावसाचे पाणीही दगडी नाल्यांतून साठवणीकडे नेले. यांतील एक तलाव तर ७३ मीटर लांब व २९ मीटर रुंद आहे. २०२१ मध्ये धोलावीराचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. द्वारका-सोमनाथाच्या यात्रेस जाणाऱ्यांनी सवड काढून हे स्थान अवश्य पाहावे. मोहेंजोदडो पाहणे सर्वांस शक्य नाही, धोलावीरा शक्य आहे.

आता या साऱ्याचा धर्माशी काय संबंध, असा प्रश्न कोणी करील. पतंजलींच्या योगशास्त्रात पाच नियम सांगितले आहेत. त्यांत पहिला नियम शौच हाच आहे. संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान हे त्याच्यानंतर येतात. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना शौचाची गणना झाली आहे आणि सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीतही शौच आहे. बोलीत हा शब्द आता केवळ मलविसर्जनापुरता उरला, ही भाषेची गंमत म्हणावी की दुर्दैव? शास्त्रकारांच्या मते शौच म्हणजे देहाची, वस्त्राची, अन्नाची, धनाची आणि मनाची निर्मळता. तैत्तिरीय आरण्यकात आणि मनुस्मृतीतही पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये असा स्पष्ट निषेध आहे. नदीला माता म्हणण्याच्या आधी तिला घाण न करण्याचा दंडक आहे, हे अनेकांच्या ध्यानात नसते.

देवळाच्या रचनेतही हाच विचार दिसतो. शिवालयात अभिषेकाचे जल ज्या वाटेने गाभाऱ्याबाहेर पडते त्या वाटेस प्रणाल म्हणतात. कित्येक प्राचीन मंदिरांत तिच्या मुखाशी मकराचे शिल्प असते. प्रदक्षिणा करताना भाविक तेथवर जातो आणि मागे फिरतो, कारण सोमसूत्र ओलांडायचे नसते. देवाच्या माथ्यावर जल घालणाऱ्या गळतीइतकाच मान ते जल बाहेर नेणाऱ्या प्रणालीला आहे. ज्या धर्माने पाण्याच्या निर्गमाला एवढा मान दिला, त्या धर्माच्या तीर्थस्थानी घाटाच्या शेजारून उघडे गटार वाहावे आणि ते थेट नदीत पडावे, यासारखी विसंगती नाही.

याहूनही मोठी विसंगती आहे आणि ती बोलून दाखविल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मोहेंजोदडोच्या नाल्या आपोआप स्वच्छ राहत नव्हत्या. झाकणे उचलून, कुंड्यांतील गाळ उपसून तो बाहेर काढणारी माणसे तेथे होती. हडप्पाचे रांजणही कोणीतरी रिकामे करीत होते. त्यांना त्या नगरात कोणते स्थान होते हे विटा सांगत नाहीत. पुढच्या काळात भारतवर्षात हे काम ज्यांच्याकडे आले, त्यांना कोणते स्थान मिळाले ते मात्र सर्वांस ठाऊक आहे. जे हात गाव निर्मळ ठेवीत होते त्याच हातांना गावाने अमंगळ ठरविले, विहिरीवर येऊ दिले नाही, देवळाच्या पायरीवर चढू दिले नाही. घाण करणारा सोवळा आणि घाण काढणारा ओवळा, हा न्याय कोणत्या शौचधर्मात बसतो? पतंजलींच्या नियमात तर तो कोठेही नाही.

माणसाने हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर १९९३ मध्ये कायद्याने बंदी आली, २०१३ मध्ये आणखी कठोर कायदा झाला. गटारात उतरून मृत्यू पावलेल्यांच्या वारसांस दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला, आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली याचाच अर्थ असा की माणसे गटारात उतरतच राहिली आणि गुदमरून मरतच राहिली. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाची नाली माणूस ताठ उभा राहील एवढी उंच केली होती. आजच्या शहरात माणसाला वाकून, श्वास कोंडून, अंधाऱ्या भोकात उतरावे लागते. यंत्रे उपलब्ध असताना असे घडते, म्हणून हा प्रश्न ज्ञानाच्या अभावाचा राहत नाही, दयेच्या अभावाचा होतो.

महाराष्ट्राला या बाबतीत उपदेशाची उणीव कधीच नव्हती. संत गाडगेबाबा गावात येत ते हाती खराटा घेऊनच. दिवसभर गावाचे रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. लोक पाया पडू लागले की ते त्यांना दूर सारीत. त्यांनी बांधलेल्या धर्मशाळा पंढरपुरात, नाशिकात आजही यात्रेकरूंच्या उपयोगी पडतात, आणि अशा धर्मशाळेत पाण्याची व शौचाची सोय हीच पहिली गरज असते हे मुक्कामास राहणारा जाणतो.

देवस्थानास दान देणाऱ्यांच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कळसाला सोने, गाभाऱ्याला चांदी, सभामंडपाला संगमरवर यांसाठी दाते आपण होऊन पुढे येतात आणि त्यांची नावे शिळेवर कोरली जातात. हे योग्यच आहे. परंतु भुयारी गटारासाठी, स्त्रियांच्या न्हाणीघरासाठी, शौचालयाच्या रोजच्या सफाईसाठी आणि ती सफाई करणाऱ्यांच्या हातमोज्यांसाठी, वेतनासाठी, आजारपणासाठी देणगी देऊ इच्छिणारा दाता विरळा. तेथे नाव कोरण्यास शिळा नसते, हे एक कारण असेल. दुसरे कारण अधिक खोल आहे. दान हे देवाला दिसेल अशा जागी दिले पाहिजे, अशी एक समजूत मनात घर करून आहे. जो सर्वांतर्यामी आहे त्याला गाभारा दिसतो आणि शौचालयाची मागची बाजू दिसत नाही, असे मानणे ही भक्ती कशी म्हणावी?

यात्रेकरूच्या हाती पैसा नसेल, तरी कृती असते. कुंडात साबण लावून अंग वा कपडे धुवू नयेत, निर्माल्य आणि जुनी वस्त्रे पाण्यात सोडू नयेत, नळ वाहता ठेवू नये, शौचालयात मागून येणाऱ्यासाठी पाणी टाकून यावे. या गोष्टी फलकावर लिहिलेल्या असतात आणि फलक वाचूनच लोक पुढे जातात. मागून येणारा कोण आहे हे ठाऊक नसताना त्याच्यासाठी जागा स्वच्छ ठेवणे, यात जेवढी निष्काम सेवा आहे तेवढी पुष्कळ वेळा पूजेतही नसते.

सिंधुकाठची नगरे पुढे ओस पडली. इ. स. पूर्व १९०० च्या सुमारास तेथील वैभव ओसरले. पर्जन्यमानातील बदल, नद्यांचे सरकलेले प्रवाह, व्यापाराचा ऱ्हास अशी अनेक कारणे विद्वान मांडतात. मोहेंजोदडोच्या अखेरच्या थरांत मोठी घरे तोडून लहान खोल्या केलेल्या दिसतात, बांधकामे रस्त्यावर पुढे आलेली दिसतात, वस्तीच्या आत कुंभारांच्या भट्ट्या पेटलेल्या दिसतात आणि नाल्यांची निगा राखणे थांबलेले दिसते. नगर खचले म्हणून नाल्या तुंबल्या की नाल्यांकडे दुर्लक्ष झाले म्हणून नगर लवकर खचले, याचा निवाडा करणे अवघड आहे. दोन्ही गोष्टी मात्र एकाच काळातल्या आहेत.

त्याआधीच्या, भरभराटीच्या थरांत उत्खनन करणाऱ्यांना रस्त्याच्या कडेला, नाल्यांच्या लगत, वाळूमिश्रित गाळाचे लहान लहान ढीग मिळाले. नाली उपसणाऱ्याने गाळ काढून काठावर ठेवला होता, आणि तो उचलून नेण्याचे तेवढे राहून गेले होते. त्या नगरीच्या कोणत्याही राजाचे किंवा पुरोहिताचे नाव आज ज्ञात नाही. नाली साफ करणाऱ्याचा ढीग मात्र हजारो वर्षे जेथल्या तेथे होता.